परमिट नंबर सतरा

रात्री साडेदहाला माझं विमान
नागपूरच्या धावपट्टी बत्तीसच्या अलीकडे उभं असतं.
विमान म्हणजे अमरावतीहून आणलेला जुना लॅपटॉप,
दांडा सीताबर्डीचा, नेट मोबाईलचं,
टेबलाखाली मच्छर अगरबत्ती.
पुण्याला जायचं. प्रवासी शून्य.
तरी मी दारं लावून घेतो,
पट्टे बांधायचा दिवाही लावतो.

टॉवरवर आज शार्दूल आहे.
टॉवर, अप्रोच, सगळं एकटाच.
बावीसचा असेल. पगार नाही, हुद्दा नाही,
हौसेनं खुर्चीत बसलेला,
आणि खुर्ची अशी की हौसेलाही चढते.

बोललो मी इंग्रजीतच,
पण माझं इंग्रजी आर्णीच्या स्टँडवर गाडीत चढलेलं,
उभ्यानं आलेलं.
"से अगेन."
पुन्हा बोललो.
"से अगेन."
तिसऱ्यांदा हवेचा दाबच चुकलो.
मग तो मराठीत उतरला, खास माझ्यासाठी :
"काका, आधी बोलायला शिका. हा खेळ नाही."

मागे रांगेत चार विमानं होती.
त्यातलं एक हसलं.

मी दोनदा टाईप करून पुसलं.
आधी एक शिवी होती, आपल्या इकडची, बिनमिठाची.
नंतर ओळख : डंभारे, ऑपरेटर,
तेहतीस केव्ही उपकेंद्र, एकोणीस वर्षं.
शिवी पुसताना त्रास झाला नाही तेवढा
ओळख पुसताना झाला.

माझ्याही पुढ्यात पाच फीडर असतात, एक फोन.
"लाईन काहून गेली बे?" हा रात्रीचा नमस्कार.
आणि तिकडे पोलाखाली भाऊराव टेकाम,
गालात खर्रा, खांद्याशी फोन, वारा.
त्याचं एक वाक्य तीन तुकड्यांत येतं.
पुन्हा सांगा, भाऊराव.
पुन्हा सांगा.
"शेती दोन बंद. ब्रेकर उघडला. अर्थिंग केलं. परमिट नंबर सतरा."
"सतरा."
"काय सतरा?"
"परमिट जी. शेती दोन. बंद. चढू काय?"
चढा म्हटलं की तो चढतो.
माझ्या एका शब्दावर, अंधारात, तीस फूट.

एकदा खेकसलो होतो मी. नोकरीचं दुसरं वर्ष.
"कान फुटले का? शेती एक!"
"होय साहेब," म्हणाला तो लगेच.
घाबरलेला माणूस न ऐकलेल्यालाही होय म्हणतो,
हे तेव्हा मला कुठं माहीत.
तो शेती दोनच्या पोलाखाली उभा होता.
तार जिवंत.
तंबाखू मळायला थांबला, तेवढ्यात माझा दुसरा फोन गेला,
म्हणून मागच्या आठवड्यात
पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला.
हळद लागलेली पत्रिका. फ्रिजवर आहे.

शार्दूलच्या विमानातून कुणी पडत नाही.
पडलं तर एक बटण, पुन्हा नागपूर.
त्याला कुणी पोलाखाली उभं केलेलं नाही अजून,
देव करो, न करो.

अकरा मिनिटं ताटकळून सुटलो.
डावीकडे वळलो, वर्धा मागे टाकलं.
आर्णीवर पंचवीस हजार फूट.
खाली वाकून पाहिलं, तपकिरी ठिगळं नुसती.
उपकेंद्र नाही, नदी नाही, आमचा एक दिवा नाही.
बनवणाऱ्याला इथं काही आहे हे कुणी सांगितलंच नसेल.

तेवढ्यात तो पुढची फ्रिक्वेन्सी देऊ लागला
आणि त्याच्या उघड्या माईकमधून एक बाई म्हणाली,
"पोळ्या गार होऊन राहिल्या रे."
होऊन राहिल्या!
म्हणजे हाही इकडचाच,
आणि इतका वेळ कुठला तरी होऊन बोलत होता.
आकडा अर्धा राहिला. फ्रिक्वेन्सीवर सगळे गप्प.
हसायची पाळी माझी होती.

"से अगेन," मी म्हणालो,
हळू, भाऊरावशी बोलतो तसं.
त्यानं आकडा सांगितला. मी परत म्हटला.
एक अंक मुद्दाम सावकाश.
"करेक्ट," तो म्हणाला.
मग जरा थांबून, "गुड नाईट, काका."
नियमात 'काका' नाही.