अधिक एक

तीन आठवडे मी कॅमेरा निवडत होते.
नणंद म्हणाली, फोन आहे की.
आहे. पण उणे अठराला
तो दोन मिनिटांत डोळे मिटतो,
आणि हातमोजा काढून काच चोळायला
माझी बोटं फुकटची नाहीत.

मला हवं होतं ते एवढंच:
कोटाच्या आतल्या खिशात बरगडीला टेकून बसेल,
जाड हातमोज्यातूनही फिरेल अशी एक चकती,
आणि डोळा लावायला खिडकी, कितीही लहान,
कारण उन्हात मागचा पडदा म्हणजे
विझलेला आरसा, त्यात फक्त माझं नाक.

दुलूथच्या उतारावरच्या त्या दुकानातला मुलगा
"चोवीस मेगापिक्सेल" म्हणाला, जणू कॅरट.
आणि झूम?
"चंद्रापर्यंत."
चंद्राशी माझं काही काम नव्हतं.
मी खालच्या फळीवरचा घेतला,
कुणीतरी वापरून सोडलेला, कोपऱ्याला पोचा,
चकतीवरचे अधिक-उणे अजून शाबूत.

तसा माझा धंदाच एक्स्पोजरचा.
टेकडीवरच्या हॉस्पिटलात दिवसाला तीसेक
छात्या, गुडघे, मनगटं.
श्वास घ्या. धरा. सोडा.
तिथे किरण माझ्या बोटाच्या आज्ञेत असतो.
इथे गोठलेल्या तलावावर
ऊन कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आर्वो हाव्हिस्तो, पूर्वी लोहखनिजाच्या बोटींवर,
आता फेब्रुवारीभर
बर्फाला भोक पाडून उलट्या बालदीवर बसलेला.
पाठीमागे सूर्य, जेमतेम झाडांच्या वर.
पहिला फोटो:
बर्फ ओल्या सिमेंटचा, आर्वो कोळशाचा.

कॅमेऱ्याचा दोष नाही.
त्याला कारखान्यातच पढवलंय
की जग सरासरी राखाडी असतं.
एवढं पांढरं दिसलं की तो बिचकतो,
डोळे बारीक करतो.
त्याला सांगावं लागतं, नाही रे बाबा,
खरंच इतकं आहे.
अंधार आहे म्हणून उजेड वाढवायचा, हे कुणालाही कळतं.
उजेड फार आहे म्हणून अजून वाढवायचा,
हे हाताला पटेपर्यंत एक हिवाळा जातो.

अधिक एक: बर्फ बर्फासारखा.
अधिक दोन:
टोपीच्या झालरीखालून आर्वोचं तोंड वर आलं
भोकातून मासा यावा तसं,
मिशीतले गोठलेले मणी, डाव्या डोळ्याखालचा व्रण.
मागे मात्र काही म्हणजे काही उरलं नाही.
तेवढ्यात बॅटरीने मान टाकली.
मी ती काढून काखेत धरून उभी,
आणि आर्वो विचारतो, "अंडं उबवतेस का?"

रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात
तिन्ही फोटो कॉफीशेजारी मांडले.
आयलीने अधिक दोन उचलला. "हा माझा,"
आणि अॅप्रनला बोटं पुसून पुन्हा पाहिला.
आर्वोने सिमेंटचा घेतला.
त्यावर नख ठेवलं: "ही बघ, माझ्या घसरगाडीची रेघ,
किनाऱ्यापासून पार इथवर.
तिच्यातल्यात तू माझी वाटच पुसून टाकलीस."

मला उत्तर सुचलं नाही.
दुपारीच फ्लॅश मारला असता तर
चेहराही मिळाला असता, वाटही,
असं मी पुटपुटले.
"भर उन्हात दिवा!" दोघंही हसले,
त्यांच्या भाषेत आणखी काहीतरी म्हणून परत हसले.

मधला मी बार्शीला आईला पाठवला.
"माणूस बरा दिसतो," आई म्हणाली,
"पण मागे एवढा चुना कुणी लावलाय?"
लावला नाही, आई. पडलाय.
आत्ताही पडतोय.

आणि चकती शून्यावर आणायची मी विसरले.
रात्री शेगडीवरच्या भाताचा फोटो काढला, उगाच,
तर पातेल्याला कडाच नाही,
शितं नाहीत,
नुसती वाफ, फोटोबाहेर उतू चाललेली.