आडवा वार

अठ्ठावीस डिसेंबर,
राजानं तान्ही पोरं कापली तो दिवस.
त्या दिवशी जो वार येईल
तो पुढं वर्षभर आडवा.
त्या साली गुरुवार आला.
फेस्टी मॅनियननं, माझ्या बापानं,
शेगडीवरच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढली
आणि बावन्न गुरुवार आमच्या रानातून उठून गेले.

गुरुवारी नांगर नाही, मेंढ्यांना कात्री नाही,
कुंपणाला साधा खिळा नाही.
एप्रिलचे पहिले तीन दिवस म्हाताऱ्या कबऱ्या गाईचे:
मार्च सरला म्हणून शेपूट उडवत नाचली,
तर मार्चनं एप्रिलकडून तीन दिवस उसने आणले
आणि गारठ्यानं तिला सोलून ठेवलं.
मे महिन्याच्या पहिल्या सकाळी
शेजारणीला दूध नाही, विस्तव नाही, राखही नाही.
आणि नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवशी,
चाक फिरवायचं नाही.
मी सायकलवर टांग टाकलेली,
फाटकापाशी त्यानं हँडल धरलं.
साडेतीन मैल चाललो. पावसात.
शाळेत छडी वेगळी.

पुढं मोठा झाल्यावर विचारलं,
सगळं पाळायचं तर कामाला दिवस उरतात किती?
म्हणाला, पुरतात तेवढे.

फेब्रुवारीत गेला, शनिवारी रात्री.
पाद्रीबाबांनी सोमवार ठरवला.
रविवारी दिवेलागणीला बार्टली कुलिन दारात आला,
टोपी हातात, बुटांना शेवाळ.
"सोमवारी कबर उघडत नसतात," म्हणाला,
आणि चहाला न थांबता गेला.

मी बापाचंच फावडं घेतलं.
स्मशान समुद्राला लागून, अर्धं वाळूत.
आईशेजारच्या जागेवर
गवताचं एकच ढेकूळ काढलं,
हिरवी बाजू खाली करून ठेवलं,
बस.
काम कालच सुरू झालंय
असं सोमवारला सांगता यावं म्हणून.
वारा असा, की कुणी बघत असतं
तरी हसलेलं ऐकू आलं नसतं.
कुणी नव्हतं.

मे संपता संपता चुन्याचा ट्रक आला.
ड्रायव्हर गॉलवेकडचा, तरणा,
खिडकीतून विचारतो, कुठल्या वावरात ओतू?
मी भिंतीकडं पाहिलं नाही. गरज नव्हती.
म्हटलं, उद्या आण बाबा,
गल्लीत चिखल आहे, रुतशील.

त्यानं एकदा गल्लीकडं पाहिलं,
एकदा माझ्याकडं,
आणि गाडी वळवली.
वळणापर्यंत
त्याच्यामागं धूळ उडत होती.