प्रतवारी

सावळजच्या शेडात पट्टा सुरू झाला
की जैनुबी मुल्ला बोलायची थांबते.
हिरवा डावीकडं, पिवळा पुढं, काळा खालच्या पाटीत,
देठ असला तर अंगठ्याच्या नखानं.

मी कोपऱ्यात, पालथ्या क्रेटवर,
मांडीवर वही.
प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलंय.

"कसलं गं तुझं गनित?"
चहाच्या सुट्टीत तिनं विचारलं.
घडांचं, म्हटलं.
एक बीज असतं, बीजात चलांचा एक घड.
घडातला एक मणी काढायचा, त्याच्या जागी दुसरा येतो,
बाकीचे हलत नाहीत.
काही गोठवलेले. त्यांना कधीच हात लावायचा नाही.
"कोल्ड स्टोरेजला," ती म्हणाली.
विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

मग मी तिला ते सांगितलं
जे पुण्याच्या वसतिगृहात दोन वर्षं
माझं मलाच लागत नव्हतं:
जुना गुणिले नवा म्हणजे दोन ढिगांची बेरीज,
आणि प्रत लावायची तर
दोन्ही ढीग एकाच प्रतीचे हवेत.
"न्हाईतर सौदा मोडंल की."
मोडतो.

पहिल्या घडाला प्रत दिली की झालं.
पुढं हजार अदलाबदली करा,
येणाऱ्या प्रत्येक मण्याची प्रत आधीच ठरलेली.
यावर ती हसली, जरा उशिरानं.
तीस वर्षं डोळे खाल्लेत तिचे या पट्ट्यानं.

वहीत दाखवलं: तीन मणी,
एक, शून्य, एक.
पहिला बदलला. आला उणे एक.

"उणा बेदाणा?"
तिनं रिकामा कप पालथा घातला.
"चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा.
उरल्यालं तीन किलो कुठं लिवता तुमी?"

याचं उत्तर मला येत होतं
आणि सांगता येत नव्हतं.
की आकड्यांच्या मागं आणखी एक गाव आहे,
तिथं आकडे नाहीत, वस्तू आहेत,
एकीकडून दुसरीकडं जाणारे बाण आहेत.
दोन टोकं, जाताना मधे एक मुक्काम,
येताना दुसरा,
आणि दोन्ही मुक्कामांचा भार तितकाच.
तिथं उणे एक म्हणजे तूट नव्हे.
असलेलीच वस्तू, एक घर सरकलेली.

"म्हंजे पानी," ती म्हणाली.
"उडालं, पन हाय कुठंतरी."

भोंगा झाला. पट्टा हलला.
तिच्या बोटांनी एक दाणा दाबला, थांबली,
दातांत धरून पाहिला.
"ह्यात बी हाय."
थॉमसनच्या मालात, बी.

कुठल्याच पाटीत टाकला नाही तिनं.
माझ्या वहीवर ठेवला, त्रिकोणाच्या मधोमध.
"ह्याला लाव प्रत."

चिकट डाग पडलाय त्या पानावर.
त्याच्याखालची ओळ मी अजून
पुन्हा लिहिलेली नाही.