आठ मिली

गिरासे मॅडमनी आज माझं रक्त घेतलं.
आठ मिली, डाव्या हाताचं.
उजव्या अंगठ्यात परवापासून बाभळीचा काटा मोडलाय,
तो हात मी खिशातच ठेवला.

शिरपूरच्या या कॉलेजात मी एकोणीस वर्षं शिपाई.
बाटल्या धुतो, उंदरांना दाणे घालतो,
कुणाच्या प्रयोगाला माणसाचं रक्त लागलं
की बाही वर करून सही करतो :
झुलाल देवमन कोळी.

काचेच्या दोन पट्ट्या, मधे केसाएवढी फट.
खालच्या काचेला मॅडमनी काहीतरी माखलंय,
सूज आलेल्या शिरेला आतून जे फुटतं ते.
म्हणजे काय, विचारलं
तर म्हणाल्या, "गोखरू समजा."

पंप घुरघुरला, स्क्रीन उजळली,
आणि मी मला वाहताना पाहिलं.

पांढऱ्यांना रंग पाजलाय, म्हणून ते हिरवे.
तांबडे दिसतच नाहीत,
नुसता अंधार वाहतो मधून दाटीवाटीने
आणि यांना रेटतो कडेला,
अरुणावतीच्या पुरात ओंडके लागतात तसे.

एक आला. टेकला. थांबला मात्र नाही.
घरंगळत निघाला.
मागचं बोट सुटतं न सुटतं तो पुढचं धरतं,
धरलं, सुटलं,
धरलं,
धार त्याला लोटते आणि तो
लोटला जाता जाता चाचपतो भिंत,
अंधारात घराचं दार शोधावं तशी.

"पंप वाढवते," मॅडम म्हणाल्या. "बघा आता."
मी म्हटलं, वाहून जातील बिचारे.
तर ते हळू झाले!
धार जोरात, आणि पकड आणखी पक्की.
मॅडम खूश. वहीत काहीतरी लिहिलं.

मला आमची भुरी आठवली.
तिच्या दाव्याची गाठ अशीच होती :
म्हैस हिसडे द्यायची तोवर लोखंड,
रवंथ करत उभी राहिली
की दोन बोटांनी सुटायची.
बापाने शिकवली होती. नाव सांगितलं नव्हतं.

पावणेचारला लोडशेडिंग.
पंप बंद. कॉम्प्युटर बॅटरीवर, म्हणून स्क्रीन तेवढी जिवंत.
मला वाटलं, आता टेकतील निवांत,
धार नाही, ओढ नाही, कोण ढकलणार?
एकेक करून सुटले.
तरंगले, भिंतीपासून लांब,
कुणी हाकच मारली नव्हती जणू.

तीन राहिले.
थापलेल्या कळण्याच्या भाकरीसारखे पसरलेले,
कडा फाकलेल्या.
"हे नाही सुटायचे," मॅडम म्हणाल्या,
"अंगात असते तर आता भिंतीच्या फटीतून
पलीकडे उतरले असते. जखमेकडे."
"आणि इथे?"
"इथे पलीकडे काय? काच."

मग मी हात खिशातून काढला.
अंगठा टरारलेला, लाल, नाडी ठणकतेय त्यात.
मॅडम ओरडल्या, डॉक्टरकडे जा म्हणाल्या,
मी हो म्हटलं.
मनात म्हणत होतो,
कथा चालनात रे भो घाईघाईत,
उतरा. आठे उतरा.
तिकडे कुणी खोटं बोलावलंय,
बोलावणं खरं आहे ते या अंगठ्यात.

पाच वाजता लाइट आली, प्रयोग संपला,
काचा धुवायच्या त्या मलाच.
नळाखाली धरल्या. काहीच दिसत नव्हतं,
स्वच्छ काच, पलीकडे माझीच बोटं.
तोटी पूर्ण सोडली.
ते तिघे असतीलच अजून,
जेवढं पाणी जोरात तेवढे चिवट.

बराच वेळ मी तसाच उभा.

"ब्लीच टाका, झुलालभाऊ," आतून आवाज आला,
"नुसत्या पाण्याने नाही जायचे."
बाटली वरच्या फळीवर होती.
डाव्या हाताने काढली.