मिठाची माणसं

दोन्या क्रेसेंसिया दुकानात आली तेव्हा
मी एका फोनची काच उचकटत होतो.
तोर्रेओनमध्ये एप्रिलात धूळ अशी उडते
की प्रत्येक काचेखाली वाळवंटाचा एखादा कण सापडतोच.
म्हणाली, "एक सिनेमा शोधून दे.
मुखवट्याचा पैलवान आहे त्यात, एल ग्रानिसो,
आणि सात मिठाची माणसं.
त्यातला एक माझा इलारियो."

कोणता, मी विचारलं.
"तेच तर बघायचंय."

आठवडाभर इलारियो सरकी काढायच्या गिरणीत,
कापसाच्या तुसाने पांढरा.
रविवारी आखाड्यात. दर रविवारी चितपट.
पैसे हरण्याचेच मिळत, आणि तो मन लावून हरे.
मग राजधानीहून ट्रक आला,
सात धिप्पाड गडी हवे होते,
चेहरे नको होते.
मीठ कसलं, मैदा होता तो, मैदा आणि डिंक;
नंतर कितीतरी दिवस ती त्याच्या कानांतून कणीक काढत होती.
सिनेमा लागला तेव्हा ती बाळंतीण.
पुन्हा लागेल म्हणाले.
लागला नाही.

पहिल्या ॲपवर नाव होतं, पोस्टरही होतं,
खाली राखाडी अक्षरं: तुमच्या देशात उपलब्ध नाही.
ज्या देशाच्या मैद्यात तो बुडाला होता
त्याच देशात.
दुसऱ्यावर भाड्याने, पण कार्ड तिकडच्या बँकेचं हवं.
तिसऱ्यावर त्याच नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम.
चौथ्यावर सुरू झाला, एकोणीस सेकंद चालला,
मग जुगाराची जाहिरात नाचली
आणि माझा कॉम्प्युटरच पाठीवर पडला.
ती रोज पाचला यायची.
स्टुलावर बसून भोपळ्याच्या बिया सोलायची,
विचारायची काहीच नाही.
किती वेळ झाला ते मला सालपटांवरून कळायचं.

सापडला शेवटी पोलंडात.
मेहुण्यानं एक आडवाट दाखवली,
तिच्यावरून आमचं दुकान गपचूप वॉर्सात जाऊन बसलं.
सात दिवस फुकट, पुढे पैसे.
एकच पुरुष सगळ्यांचे संवाद पोलिशमध्ये वाचत होता,
नायिकेचेही, वेड्या शास्त्रज्ञाचेही,
आगगाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसे.
"काय म्हणतोय?"
"काय की."
"असू दे. इलारियोला कुठे संवाद होता."

एकसष्टाव्या मिनिटाला खाणीतून सात जण वर आले.
सगळे सारखे. थापलेले. डोळ्यांच्या जागी खळगे.
ती पुढे झुकली. चालीवरून ओळखेना,
उंचीवरून ओळखेना.
मला वाटलं, आता ही कुणावर तरी बोट ठेवेल
आणि मला हो म्हणावं लागेल.

एल ग्रानिसो एकेकाला उचलून आपटू लागला.
पहिला धाडकन.
दुसरा पोत्यासारखा.
तिसरा
आधी डावा हात छातीशी घेऊन, मग खांद्यावर,
मग उरलेला माणूस हळूच,
झोपलेलं मूल खाटेवर ठेवावं तसा.

"हा."
त्या हाताची दोन बोटं गिरणीच्या पट्ट्यात गेली होती.
घरी जिन्यावरून घसरला तरी असाच पडायचा.
"मागे घे."
मागे घेतलं की तो जमिनीवरून उठायचा,
हवेत तरंगत पैलवानाच्या हातात परत जायचा,
आणि ती म्हणायची, आता सोड.
अकरा वेळा. पोलिश माणूस अकरा वेळा तेच वाक्य बोलला.

सहाव्या दिवशी सूचना आली: उद्यापासून पैसे कापले जातील.
मी रद्द करायला बोट उचललं
तर काउंटरवर चार घड्यांच्या नोटा.
बियांचं मीठ लागलेल्या.
"अजून सहा जण आहेत," ती म्हणाली.
"गिरणीतलेच असणार दोघे-तिघे.
आस्कोनाची बायको जिवंत आहे, चालता येत नाही तिला,
पण उचलून आणू."

मी बिलाच्या पाठीवर एक ते सात आकडे लिहिले.
तीनपुढे नाव.
बाकी जागा मोकळ्या सोडल्या, जरा मोठ्याच.