दुसऱ्या कडव्यातलं दूध

फैजपूरला रविवारी
सुपडू झोपेंच्या ओसरीवर टीव्ही,
काचेवर निळा प्लास्टिकचा कागद,
म्हणून मांजर निळं, उंदीर निळा,
अधूनमधून सुपडूभाऊंचं टक्कलही.
मांजर गच्चीवरून झेप घ्यायचं
आणि नेमकी लाइट जायची.
आम्ही अंधारात चपला चाचपत घरी.

एक्केचाळीस वर्षं झाली.
ते अजून हवेतच आहे.

गाण्यांचं तसं नाही.
आक्कानं रेडिओसमोर टेप ठेवून भरलेली कॅसेट,
साऱ्यांना गप्प बसवून, पंखासुद्धा बंद करून.
दुसऱ्या कडव्याआधी सारंगी उठते
तेवढ्यात माय ओरडते,
"दूध चाललं वं उतू!"
मग पातेल्याचा आवाज,
रस्त्यावरून केळीचा ट्रक,
आणि थेट धृपद.

परवा मुलीनं फोनवर तेच गाणं लावलं.
स्वच्छ, धुतल्यासारखं.
सारंगी शेवटपर्यंत वाजली.
मी कळण्याचं पीठ मळत होतो.
तसाच उठलो,
पिठाच्या हातानं गॅसची कळ पिरगाळली.
शेगडीवर काहीच नव्हतं.

"काय झालं, बाबा?"

काही नाही.
ह्यात एक ओळ कमी आहे.