मागच्या भिंतीपलीकडं

थंडी कुणालाच तयार करता येत नाही.
उद्यमबागेतल्या बर्फाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढल्यावर
एवढं एक मी छातीवर हात ठेवून सांगतो.
आम्ही फक्त उष्णता उचलतो
डब्यातल्या पाण्यातून,
अमोनियाच्या पाठीवर लादतो
आणि मागच्या भिंतीबाहेर नेऊन ओततो.

भिंतीपलीकडं बसव्वाचं अंगण.
तिथं कढीलिंब धरत नाही,
धुणं मात्र अर्ध्या तासात वाळतं.
"शेक चांगला हाय की तुमचा," म्हणते पौषात.
चैत्रात दार लावून घेते.

भरमा मुचंडीकर आमचा कॉम्प्रेसर
डोळे मिटून खोलायचा, डोळे मिटून बांधायचा.
तो गेला पृथ्वीच्या पार तळाशी
डिझेलचं जनरेटर सांभाळायला. चौदा महिने.
परत आला तो काळा होऊन, नाकाचं कातडं सोललेलं.
"बर्फानं भाजतंय," म्हणाला.
मी हसलो. मला बर्फ शिकवतोय.

मग मिठाच्या टाकीच्या फळ्यांवर बसून
त्यानं मोबाईल माझ्या कानाला लावला.
तडतड. थांबून, पुन्हा तडतड.
"मोहरी टाकलीय काय रे तेलात?"
"बर्फ हाय. पेल्यातल्या पाण्यात टाकलेला.
आत हवा दाबून बसलीय, हजारो वर्षांची.
सुटताना बोलतीय."

हजारो वर्षांची.
तेव्हा गावांच्या पाट्या नव्हत्या,
पाट्यांना फासायला डांबर नव्हतं.
आमच्या लादीत आम्ही नळीनं वारा सोडतो
काचेसारखी व्हावी म्हणून,
तरी मधोमध एक पांढरा कणा राहतोच.
गिऱ्हाईक तेवढाच तोडून टाकतं.
बोलत असेल काय तोही? कधी ऐकलं नाही.
पट्ट्याच्या आवाजात काय ऐकू येणार.

भरमा पुढं म्हणाला,
एक दिवस तिथं पाऊस पडला.
बर्फ नव्हे. पाऊस. पत्र्यावर वाजणारा.
जुनी जाणती माणसं बाहेर येऊन नुसती उभी राहिली.
अख्ख्या तळावर
छत्री कुणाकडंच नव्हती.

दर गुरुवारी कारवारहून पिएदादचा टेम्पो येतो,
मासे उतरवून कॅम्पात,
परतीला आमच्या लाद्या घेऊन जातो.
पूर्वी ती चाळीस न्यायची, आता साठ नेते.
"खानापूर येईस्तोवर निम्मं पाणी होतंय, बाबा."
भाव करता करता सांगते,
धक्क्याच्या सात पायऱ्या मोजून आमी उतरायचो,
आता अवसेला चार दिसतात.
खालच्या तीन?
"त्या हायत की. पाण्यात हायत."
पैसे मोजते, थुंकी लावून, दोनदा.

साठ लाद्या म्हणजे तिसरी पाळी.
तिसरी पाळी म्हणजे रात्रभर भिंत तापलेली.
मी हिशेबाचा माणूस नव्हे,
खरं एवढं कळतं:
तिचा बर्फ लवकर वितळतोय म्हणून मी जास्त करतोय,
मी जास्त करतोय म्हणून
कुठंतरी काहीतरी जास्त तापतंय,
आणि भरमाच्या पेल्यात
कुणाची तरी कोंडलेली हवा तडतडत सुटतीय.

मागच्या वैशाखात दोन वाजता रात्री लाईट गेली.
कॉम्प्रेसर गप्प. मी मागं जाऊन
भिंतीला तळवा लावला. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी.
पलीकडं बसव्वा जागीच होती, पायरीवर, पदरानं वारा घेत.
"नीद येत नाही काय, अव्वा?"
ती तिच्या कानडी मराठीत म्हणाली,
"तुमी तुमचं गरम हिकडं टाकताय.
मग मी माझं कुठं टाकू, रीं?"
भांडली नाही. खरंच विचारत होती.

सकाळी मी मालकाच्या कानावर घातलं.
मालक माणूस वाईट नाही.
आठवड्यात गरम हवेचं नळकांडं वीस फूट पुढं नेलं,
ते आता नाल्यावर उघडतं.
बसव्वानं कढीलिंबाचं नवं रोप लावलंय.
दोन पानं फुटलीत.

नाल्याच्या पलीकडं कोण राहतं,
मी अजून बघितलं नाही.